काळ्या लोकरीचे वर्ष

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी आजीच्या किंवा पणजीच्या वेळची एखादी काळी घोंगडी जुन्या ट्रंकेत पडून असेल. अंगाला टोचते म्हणून मुले ती पांघरत नाहीत, आणि टाकून द्यावयास वडील माणसांचा हात होत नाही. ही घोंगडी कोणाच्या मेंढरांची, तिची लोकर कोणी कातरली, कोणी कातली, याची विचारपूस शहरातल्या घरात सहसा होत नाही. ती करावयाची झाली तर एका कुटुंबाचे सबंध वर्ष उलगडून पाहावे लागते. कारण मेंढपाळाच्या घरात कोणते काम केव्हा करावयाचे, हे घरधनी ठरवीत नाही, नक्षत्रे ठरवितात.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. कागल-निपाणीच्या बाजूला, दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या गावाच्या कडेला ते आहे. म्हातारा घरधनी, त्याची कारभारीण, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. शंभर-सव्वाशे मेंढरे, दोन घोडी, दोन कुत्री, दहा-पाच कोंबड्या, आणि नावापुरती कोरडवाहू जमीन. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन या मुलखातून सीमारेषा गेली. मेंढरांच्या वाटा त्या रेषेच्या पूर्वीच्या आहेत आणि आजही त्या तिला न विचारता ओलांडल्या जातात. घरात मराठी बोलली जाते, पण पूर्वेकडच्या माळावर आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या माघी जत्रेत कानडीवाचून चालत नाही. इकडचा धनगर तिकडे कुरुबर होतो आणि इकडची घोंगडी तिकडे कंबळी होते. मेंढी मात्र दोन्हीकडे एकच. दख्खनी नावाची ही जात महाराष्ट्रात, उत्तर कर्नाटकात आणि तेलंगणातही आढळते. हैदराबादकडच्या श्रोत्यांनी पाहिलेली गोंगडी याच मेंढीच्या लोकरीची.

शेतकऱ्याचे वर्ष मृगात सुरू होते, तसेच मेंढपाळाचेही. फरक इतकाच, की शेतकरी पावसाची वाट पाहत बांधावर उभा राहतो आणि मेंढपाळ पावसाला पाठ दाखवून चालू लागतो. याचे कारण नकाशावर पाहिले म्हणजे ध्यानात येते. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांवर अथणी आणि जत. तेथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला की लोक देवाला नारळ फोडतात. या दोहोंमध्ये कागल-निपाणी. आषाढातल्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाही, कोकरे गारठतात. म्हणून पहिल्या सरी पडून पूर्वेकडच्या माळाला हिरवा रंग चढू लागला, की वाडा हलतो. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-सहा कुटुंबांच्या एकत्र चालणाऱ्या मेंढरांचा आणि बिऱ्हाडांचा तो संच.

या प्रवासाची एक रीत पाहण्यासारखी असते. पुरुष मेंढरे घेऊन चरावयाच्या वाटेने जातात आणि बिऱ्हाड बायकांच्या हाती असते. घोड्यांच्या पाठीवर भांडी, धान्याच्या गोण्या, वाघरीची जाळी, त्यांवर बांधलेल्या कोंबड्या, आठवड्याभराची कोकरे आणि कधी एखादे तान्हे मूल. बायका पुढे जाऊन तळाची जागा पाहतात, पाण्याचा ठिकाणा लावतात, गावच्या शेतकऱ्याशी बोलणे करतात. संध्याकाळी कळप पोचतो तेव्हा वाघर ठोकलेली असते आणि चूल पेटलेली असते. ‘मेंढपाळ’ हा शब्द पुल्लिंगी खरा, परंतु तळ कोठे पडावयाचा हे पुष्कळदा कारभारीणच ठरविते.

श्रावण-भाद्रपद हे माळावरचे महिने. गवत कोवळे असते, मेंढ्यांच्या अंगावर मांस धरते आणि त्या माजावर येतात. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे पावसाळ्यात फळलेली मेंढी हिवाळ्यात विते. रात्री लांडग्याची राखण असते. या माळरानांवर लांडगा अजून टिकून आहे आणि त्याची आठवण कुत्र्यांना माणसांपेक्षा आधी होते. त्याहूनही मोठी धास्ती रोगाची. पाऊस ओसरताना चिलटांसारख्या बारीक किड्यांपासून पसरणारा नीलजिव्हा नावाचा रोग येतो. जीभ सुजते, तोंडातून लाळ गळते, मेंढी लंगडू लागते आणि चारा सोडते. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली आणि ती महाराष्ट्रातलीच होती. आज लस मिळते, आंत्रविषाराचीही मिळते. पण चालत्या कळपाला ती वेळेवर टोचून घेणे हे घर मांडून बसलेल्या माणसाला वाटते तितके सोपे नाही. आज तळ एका तालुक्यात, आठवड्याने दुसऱ्या राज्यात. कोणत्या दवाखान्यात जाऊन आपली मेंढरे कोणत्या गावची म्हणून सांगावीत, हा प्रश्न घरधन्यापुढे दर वर्षी उभा राहतो.

हस्ताचा पाऊस झाला की पावले घराकडे वळतात. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तिला पोचावयाचे असते. भंडाऱ्याने तेथील माती, माणसे आणि देऊळ सारे पिवळे होऊन जाते. भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरे उधळतात आणि त्यांबरोबर लोकरही उधळतात. पुढच्या वर्षीच्या पावसापाण्याची भाकणूक ऐकावयास महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यापर्यंतची माणसे दाटीने उभी असतात. देवाला लोकर वाहावयाची ती आपल्या घरची उत्तम वाहावयाची, असा भाव असतो. आणि त्या दिवसापुरती तरी तिची किंमत कोणी विचारीत नाही.

दिवाळीच्या आगेमागे कातरणी येते. वर्षातून दोनदा, एकदा या वेळी आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्याच्या तोंडी, मेंढरांच्या अंगावरची लोकर उतरवितात. आदल्या दिवशी कळप नदीवर नेतात. दोन-तीन तरणे गडी कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात आणि एकेक मेंढरू हाताखालून पुढे सरकवीत धुऊन काढतात. मेंढीला पाण्याची मनापासून नावड. पहिली चार खेचून घालावी लागतात. नंतरची मात्र पुढचीच्या मागे आपसूक उतरतात आणि पलीकडच्या काठावर जाऊन अंग झाडतात, तेव्हा काठावरची पोरे भिजून निघतात. मग एक दिवस ऊन द्यावयाचे. कातरणीला वाड्यातील माणसे एकमेकांच्या दारी जातात. खाली जुनी घोंगडी अंथरतात, मेंढीचे पाय बांधून तिला आडवी करतात आणि लोखंडी कातर चालू होते. सराईत हाताखाली लोकर तुकड्यातुकड्यांनी न पडता एका अंगाने सोलल्यासारखी उलगडत जाते. नवख्याच्या हाताने कातडीला चरा पडतो. त्यावर हळद दाबतात आणि म्हातारा नवख्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. कातरलेली मेंढी उठून उभी राहिली म्हणजे अर्धीच उरल्यासारखी दिसते. तिची कोकरेही क्षणभर तिला ओळखत नाहीत. वास घेऊन खात्री पटल्यावरच ती आचळाला लागतात.

कातरणीची वेळ साधणे हे मोठे शहाणपण. उशीर केला तर गोचिडी आणि घाण साचते; घाई केली आणि पाठोपाठ अवकाळी पाऊस आला तर उघडे अंग गारठ्याला बळी पडते. डिसेंबर २०२१च्या आरंभी पुणे जिल्ह्यात एका-दोन दिवसांच्या अवकाळी पावसाने आणि थंडीने उघड्यावर बसलेली शेकडो मेंढरे वाघरीतच मेली. तेव्हापासून थोरला मुलगा कातरणीपूर्वी मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहतो. म्हातारा आभाळाकडे पाहतो. दोघांचे एकमत झाले तरच कातर बाहेर निघते.

आता लोकरीकडे वळू. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. म्हणजे शंभर मेंढरांची पन्नास-साठ किलो. त्यात माती, काटे-कुसळे आणि नास वजा जाता अडीच-तीन किलो वजनाच्या पंधरा-सोळा घोंगड्या होतील. ही लोकर जाड असते. परदेशी मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. म्हणूनच तिच्यातून गिरणीला मऊ सूत मिळत नाही. परंतु याच जाडपणामुळे घोंगडीवरून पाऊस निथळून जातो, ती भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि जमिनीवर अंथरली तरी वर्षानुवर्षे टिकते. जे वस्त्र उघड्या माळावर पावसात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहे, त्याला गालिच्यावर झोपणाऱ्याच्या कसोटीने नापास करणे कितपत न्यायाचे, हा विचार लोकर सुधारण्याच्या खटपटींत फारसा झालेला दिसत नाही. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी नरांशी संकर करून मऊ लोकर मिळविण्याचे प्रयोग झाले. लोकर थोडी मऊ झालीही; पण संकराची नाजूक मेंढी उन्हातान्हात चालेना, आणि जी मेंढी चालत नाही ती धनगराच्या उपयोगाची नाही.

लोकर उतरली की ती रंगावरून निवडतात. काळी निराळी, करडी निराळी, पांढरी निराळी. घोंगडीला रंग देण्याची चाल नाही. मेंढीचा जो रंग तोच तिचा, आणि काठावरची पांढरी रेघ ही पांढऱ्या मेंढीची देणगी. सगळ्यांत वरचा मान जावळाचा. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. ती रेशमासारखी मऊ असते आणि जन्मात एकदाच मिळते. जावळाची घोंगडी बाळंतिणीला, पाहुण्याला किंवा देवाच्या बैठकीला. घरातली कारभारीण जावळ निराळ्या फडक्यात बांधून ठेविते आणि त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर काय धाडावयाचे याचा विचार ती कोकरू जन्मते तेव्हापासूनच करीत असते.

पिंजलेल्या लोकरीचे सूत बायका चरख्यावर काढतात. पुरुषही रिकाम्या हाताने चालत नाहीत. कळपामागे चालता चालता हातातली चाती फिरवीत सूत काढणारा म्हातारा या वाटांवर पूर्वी सर्रास दिसे, आता क्वचित दिसतो. सूत सणगराच्या घरी जाते. धनगर मेंढ्या पाळणार, सणगर विणणार, ही वाटणी पिढ्यान्पिढ्यांची. सणगर उभे सूत अंगणात ताणून त्याला चिंचोक्यांची खळ लावतो आणि कुंच्याने ती सुतात जिरवितो. खळ शिजत असली की गल्लीला त्याचा आंबूस वास येतो. सूत वाळून ताठ झाले म्हणजे ते खड्ड्याच्या मागावर चढते. बांधाबांधी, खळ आणि विणकाम मिळून एका घोंगडीमागे कित्येक दिवस जातात. लांबीचे माप हातावर. विणून झालेल्या घोंगडीचा सौदा बाजारात होई, तरी पहिली घोंगडी लोकर देणाऱ्याच्या घरी परत यावयाची, अशी रीत होती. मजुरी कधी पैशात, कधी लोकरीत, कधी एखाद्या बकऱ्यात. धनगराच्या आणि सणगराच्या घरांमध्ये रोटीव्यवहार नसेल, परंतु एकाच्या घरी मयत झाले तर दुसऱ्याच्या घरची चूल त्या दिवशी उशिरा पेटे.

ही साखळी कोठे तुटली? दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या कांबळ्यांसाठी जाड लोकरीला मागणी आली होती. जुनी माणसे त्या दिवसांची आठवण काढीत. पुढे शेतकऱ्याच्या डोक्यावरची घोंगडीची खोळ जाऊन तेथे प्लास्टिकचा कागद आला. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून काढलेल्या धाग्याची स्वस्त ब्लँकेटे गावोगावच्या बाजारात आली. ती रंगीत असतात, टोचत नाहीत आणि घोंगडीच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात. सणगराचा मुलगा कारखान्यात कामाला लागला आणि मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली गेली. आज अशी स्थिती आहे की पुष्कळ ठिकाणी लोकरीचे मोल कातरणाऱ्याच्या मजुरीइतकेही येत नाही. पण कातरणी टाळता येत नाही. न कातरलेली मेंढी उन्हाळ्यात धापा टाकते आणि गोचिडांनी पोखरली जाते. एके काळी ज्या कामाने घरात पैसा येई त्याच कामाला आता पदरचा पैसा घालावा लागतो. कातरलेली लोकर काही जण बांधावर टाकून देतात. या घरात अजून तसे झालेले नाही. गोण्या भरून त्या माळ्यावर रचतात आणि किडीसाठी मधे कडुनिंबाचा पाला घालतात. मागच्या सालच्या गोण्यांवर यंदाच्या बसल्या आहेत.

घराचा खर्च मग चालतो कशावर? एक तर शेतात मेंढरे बसविण्यावर. पिके निघाल्यावर शेतकरी मेंढरांचा कळप रात्री आपल्या शेतात बसवून घेतो. लेंडी आणि मूत जमिनीला मिळते, आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा रोकड. दिवाळीनंतर काही वाडे घाट उतरून कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत जातात आणि तांदूळ घेऊन वर येतात. हे घर मात्र नदीकाठच्या गावांतूनच फिरते. रासायनिक खताने जमीन दमली म्हणून मेंढरांना पुन्हा बोलावणे येऊ लागले आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. परंतु नदीकाठी जिकडेतिकडे ऊस, आणि उसात मेंढराला पाय ठेवावयास जागा नाही. रिकामे रान शोधीत दर वर्षी थोडे अधिक चालावे लागते.

दुसरे उत्पन्न म्हणजे कोकरांच्या विक्रीचे, आणि घराचा खरा आधार आज तोच आहे. मार्गशीर्ष-पौषात मेंढ्या वितात. त्या दिवसांत सुनांना रात्र-दिवस कळत नाही. आईने नाकारलेले कोकरू दुसरीच्या आचळाला लावणे, दुबळ्याला बाटलीने दूध पाजणे, थंडीत त्यांना डालग्याखाली झाकणे ही सारी कामे त्यांचीच. कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की व्यापारी येतो. तो लोकर पाहत नाही. पाठीवरून हात फिरवितो आणि मांसाचा अदमास घेतो. संशोधनाचीही दिशा तिकडेच वळली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळे या लहानखोऱ्या मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, ती एकाऐवजी दोन कोकरे मिळावीत म्हणून.

येथेच घरात मतभेद पडला आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावची मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची, फुगीर नाकाची. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नाही. तिचे कोकरू झपाट्याने वाढते आणि बाजारात रूपावरच जास्त पैसे मिळवून जाते. थोरल्या मुलाचे म्हणणे असे, की काळे मेंढे काढून टाकावेत आणि चारही माडग्याळ घ्यावेत. लोकर नको, कातरणी नको, माळ्यावर गोण्या नकोत. हिशेबाला हे बिनतोड आहे. नातवंडांच्या शाळेची फी लोकरीतून भरता येत नाही, हे म्हाताऱ्यालाही कळते. म्हाताऱ्याचे उत्तर हिशेबाचे नाही, पायांचे आहे. उंच मेंढीला चारा अधिक लागतो. दुष्काळात काळी मेंढी काट्याकुट्यावर तगते, दिवसभर चालून संध्याकाळी तळ गाठते, आणि आषाढाची झड अंगावर घेऊन उभी राहते, ती आपल्या लोकरीच्या जोरावर. ज्यांनी लोकर काढून टाकली त्यांना पावसात मेंढरांवर ताडपत्री धरावी लागते, असे तो म्हणतो. धाकटा मुलगा दोघांच्या मधे. कारभारणीला कोणी विचारलेले नाही, परंतु तिने एवढेच बजावले आहे, की धाकट्या नातीच्या लग्नापर्यंत जावळाची एक घोंगडी व्हावयास हवी आणि विणावयास अजून एक सणगर शेजारच्या गावात हयात आहे.

दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. एकाच्या डोळ्यांपुढे चांगले वर्ष आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे वाईट. मांसाचा भाव दर बाजारी कळतो. अवकाळी पावसाच्या रात्री वाघरीत किती मेंढरे जिवंत राहतात याचा भाव कोणत्याच बाजारात लागत नाही.

वैशाखात दुसरी कातरणी उरकली. ज्येष्ठात आटपाडीच्या बाजारातून थोरल्याने एक माडग्याळ मेंढा आणला. एकच, कारण दुसऱ्याला म्हाताऱ्याने पैसे दिले नाहीत. काळ्या मेंढ्यांपैकी एक विकला आणि तीन ठेवले. पहिल्या दिवशी त्या तिघांनी मिळून नव्याला कोपऱ्यात दाबले. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर चरू लागला.

मृगाचे ढग पश्चिमेला दिसू लागले आहेत. घोड्यांच्या पाठीवर वाघर चढली आहे. दावणीची दोरी तपासून झाली, कोंबड्या बांधून झाल्या. म्हाताऱ्याने आपल्या घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली आहे. थोरल्याच्या खांद्यावर प्लास्टिकच्या कागदाची घडी आहे. कारभारीण बिऱ्हाडासह केव्हाच पुढे गेली. पांढरा मेंढा काळ्या कळपात लांबूनही ओळखू येतो. त्याची कोकरे कशी निघतात आणि ती या वाटेने किती चालतात, हे मार्गशीर्षात समजावयाचे आहे.